डोंगरउतारावरील दोन इमारतींमध्ये छपराची वाट कशी आखावी

घाटमाथ्यावरच्या एका निवासी शाळेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आषाढ सुरू होता. वसतिगृह वर, भोजनगृह खाली आणि दोहोंच्या मध्ये वर्षभरापूर्वी बांधलेली, पत्र्याने झाकलेली पायऱ्यांची वाट अशी तिथली मांडणी होती. त्या छपराखालून मुले उघड्या छत्र्या घेऊन जेवायला उतरत होती. पत्रा कुठेही गळत नव्हता. पण पाऊस पश्चिमेकडून आडवा आत येत होता आणि डोंगराचे तांबडे पाणी पायऱ्यांवरूनच धावत होते. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात काढलेल्या चपला असल्यामुळे कठडा धरायला कोणाकडेही हात उरला नव्हता.

अशी वाट आखताना सर्वांचे लक्ष आधी छपराकडे जाते, कारण अंदाजपत्रकात तेच मोठे दिसते. डोंगरावर मात्र छप्पर हे सर्वांत शेवटी ठरवायचे काम आहे. आधी वाट कुठून न्यायची ते ठरवावे, मग डोंगराच्या पाण्याला वेगळा रस्ता द्यावा, मग पायऱ्या बसवाव्यात, त्यानंतर झड अडवावी आणि या साऱ्याचा मेळ बसल्यावर वर काय घालायचे याचा विचार करावा. पुढील विवेचनात सह्याद्रीचा पश्चिम उतार गृहीत धरला आहे. महाबळेश्वर किंवा आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, त्यामुळे सपाटीवरचे ठोकताळे तिथे चालत नाहीत.

वाट कुठून न्यावी

दोन्ही दारांच्या उंबरठ्यांमधील उंचीचा फरक आणि आडवे अंतर हे दोन आकडे हाती आल्याशिवाय कागदावर रेघ ओढू नये. मोठ्या कामासाठी सर्वेक्षकाकडून अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा करून घ्यावा. लहान कामाला गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोरी आणि खुंट्या पुरेशा होतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मोजमाप चुकते, म्हणून प्रत्येक वेळी नळीची दोन्ही तोंडे शेजारी शेजारी धरून पाणी एका पातळीत येते की नाही हे पाहून मगच पुढे जावे.

उदाहरणादाखल, वरचा उंबरठा खालच्या उंबरठ्यापेक्षा १४ मीटर उंच आहे आणि आडवे अंतर ३० मीटर आहे असे धरू. हा उतार सुमारे २५ अंशांचा झाला. उघड्यावरच्या पायरीची उंची १५० मिलिमीटरच्या आसपास आणि रुंदी ३२० मिलिमीटर ठेवावी. पायरीची दुप्पट उंची आणि रुंदी यांची बेरीज ६०० ते ६४० मिलिमीटरच्या दरम्यान आली की माणसाचे पाऊल सहज पडते, हा नियम सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लाँडेल यांनी मांडला आणि थोड्याफार फरकाने तो आजही वापरला जातो. या मापाने १४ मीटरसाठी ९४ चढ लागतात. दर बारा चढांनंतर दीड मीटरचा सपाट टप्पा धरला, तर सात टप्पे येतात आणि वाटेची आडवी लांबी सुमारे ३८ मीटर होते. म्हणजे ती ३० मीटरच्या सरळ रेघेत बसतच नाही.

येथे नेहमी होणारी चूक अशी की पायरीची उंची १७५ मिलिमीटर करून, रुंदी कमी करून आणि टप्पे गाळून वाट सरळ रेघेत कोंबली जाते. कागदावर ती बसते. पण ओल्या पायांनी उतरणाऱ्या माणसाची टाच पायरीवर पूर्ण टेकत नाही आणि पडण्याचे प्रसंग बहुतांशी उतरतानाच येतात. त्यापेक्षा वाट तिरकी न्यावी किंवा तिला एक-दोन वळणे द्यावीत. वर दिलेल्या उदाहरणात वाट कुठेतरी सुमारे १२ मीटर बाजूला सरकून परत आली, तर सगळे गणित सुटते. वळण नेहमी सपाट टप्प्यावरच घ्यावे. त्रिकोणी पायऱ्या करून वळू नये.

कोकणातील पाखाड्या या दृष्टीने नीट पाहण्यासारख्या आहेत. जांभ्याच्या चिऱ्यांची ती वाट घरांच्या, आगरांच्या कडेकडेने वळत जाते, चढ फारसा जाणवू देत नाही आणि मध्येच कोणाच्या तरी गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, डोक्यावरचे ओझे टेकवायला जागा देते. जपानमधील नारा प्रांतात हासेदेरा मंदिराकडे चढणारी ३९९ पायऱ्यांची आच्छादित वाट आहे. तिथेही पायऱ्या बुटक्या आणि ऐसपैस आहेत. चढ सुसह्य होतो तो लांबीमुळे, आणि ही लांबी वाचवण्यात शहाणपण नाही.

आखणी करण्यापूर्वी लोक आज कुठून चालतात ते पाहावे. गवतात उमटलेली पायवाट हा फुकटात मिळालेला आराखडा असतो. ती अगदीच निसरड्या जागेतून जात नसेल, तर नवी वाट तिच्या जवळून न्यावी, नाहीतर लोक छपराखालची वाट सोडून जुन्या वाटेनेच जातात. मोठी झाडे राखावीत, मात्र वाळलेली फांदी छपराच्या वर लोंबत ठेवू नये. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली आणि माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाले आहेत. अशा ठिकाणी नुसत्या वाटेच्या कामासाठी आणि वृक्षतोडीसाठीही आधी परवानगी घ्यावी लागते.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांचा प्रश्न येथेच सोडवावा, कारण नंतर तो सुटत नाही. १ः१२ च्या उताराने १४ मीटर चढायचे तर टप्पे सोडूनच १६८ मीटरचा उतारमार्ग लागेल आणि तो बहुतेक जागी शक्य नसतो. डोंगरावर मात्र एक सोय असते. खालच्या इमारतीचा वरचा मजला मागच्या बाजूने पाहिला तर अनेकदा जमिनीच्या जवळ आलेला असतो. त्या इमारतीत उद्वाहन (लिफ्ट) असेल आणि ३.२ मीटरचे तीन मजले त्याने चढता येत असतील, तर ९.६ मीटर तिथेच मिटतात. गच्चीवरून डोंगराकडे छोटा पूल टाकला की उरलेल्या ४.४ मीटरसाठी सुमारे ५३ मीटरचा वळणदार उतारमार्ग पुरतो. माझ्या मते ज्या जागी उद्वाहन होणारच आहे, त्या जागी पायऱ्यांच्या वाटेआधी या शक्यतेचा विचार करावा.

डोंगराचे पाणी

ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत ४० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद छपरावर सेकंदाला सुमारे ३.३ लिटर पाणी पडते. त्याच वाटेच्या वरच्या अंगाला २५ मीटरपर्यंतचा उतार जर वाटेकडे वाहत असेल, तर त्या १,००० चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २८ लिटर पडते. त्यातले निम्मे जमिनीत मुरले असे मानले तरी छपराच्या चौपट पाणी वरच्या बाजूने येते, आणि श्रावण उजाडेपर्यंत जमीन इतकी भरलेली असते की निम्मे मुरेल अशी आशा धरू नये.

म्हणून वाटेच्या वर, तीन-चार मीटर अंतरावर, उताराला आडवा असा पाणी अडवणारा चर खणावा आणि तो वाटेच्या दोन्ही टोकांपलीकडे नेऊन नैसर्गिक ओहोळात सोडावा. त्यातूनही सुटून येणाऱ्या पाण्यासाठी वाटेच्या डोंगराकडील कडेला ३०० मिलिमीटर रुंद आणि तितकेच खोल सलग गटार असावे. पायऱ्यांच्या चढाला समांतर गटाराचा तळ घसरणीसारखा गुळगुळीत ठेवला तर पाणी वेगाने येऊन खालच्या टोकाला उसळते. त्यामुळे तळालाही पायऱ्या द्याव्यात आणि दर दहा मीटरवर गाळ साचण्यासाठी खड्डा ठेवावा. झाकणाची जाळी उचलता येईल अशीच असावी, कारण पहिल्या पावसात जांभूळ आणि हिरड्याचा पाला एका रात्रीत तिला बंद करतो. प्रत्येक सपाट टप्पा गटाराकडे किंचित उतरता ठेवावा, म्हणजे वरच्या पायऱ्यांचे पाणी खालच्या पायऱ्यांवर जमा होत नाही.

डोंगर कापताना हात आखडता घ्यावा. कापलेल्या कड्याची उंची दीड मीटरच्या आत राहील अशी वाट सरकवत न्यावी. त्याहून जास्त कापावे लागत असेल तर भूवैज्ञानिकाचा सल्ला घेतल्याशिवाय कुदळ लावू नये. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या दरडींच्या तिन्ही दुर्घटना जुलैच्या पावसात घडल्या. पाण्याने जड झालेला उतार कोणत्याही भिंतीला जुमानत नाही. उतारावर जुनी भेग दिसत असेल, झाडांची खोडे खालच्या बाजूला कललेली असतील किंवा पूर्वी कोरड्या असलेल्या जागी झरा फुटला असेल, तर ती जागा सोडून द्यावी.

कापलेल्या बाजूच्या भिंतीमागे ३०० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर आणि भिंतीतून दर दीड मीटरवर आरपार जाणाऱ्या पाझरनळ्या असल्या पाहिजेत. वर उल्लेखिलेल्या शाळेतील भिंतीला अशा नळ्या दिसत होत्या, तरीही ती मधोमध फुगली होती. मी एका नळीत काठी घातली, ती वीतभर आत जाऊन अडली. ठेकेदाराने भिंतीच्या दर्शनी बाजूला नळ्यांचे तुकडे बसवले होते. मागे खडी नव्हती आणि नळीला दुसरे तोंडही नव्हते. तेव्हापासून मी भिंत अर्धी चढल्यावर प्रत्येक नळीत मागून बादलीभर पाणी ओतून ते पुढे येते का हे पाहिल्याशिवाय पुढचे काम सुरू करू देत नाही.

पाऊल आणि हात

वाटेची मोकळी रुंदी १.८ मीटर असावी, म्हणजे चढणारा आणि उतरणारा एकमेकांना न थांबवता जातात. पायऱ्यांच्या उंचीत कुठेही फरक नसावा. पहिली आणि शेवटची पायरी इतरांहून वेगळ्या उंचीची होणे हा आपल्याकडे जणू रिवाजच आहे आणि ठेच तिथेच लागते. सपाट टप्प्याच्या मधोमध एकटी पायरी ठेवू नये, ती दिसत नाही.

पृष्ठभागासाठी टाकी लावलेला काळा दगड मला सर्वांत भरवशाचा वाटतो. जांभा पायाखाली सुखद असतो, पण सावलीत आणि ओलीत त्यावर शेवाळ लवकर धरते. काँक्रीट वापरायचे झाल्यास ते ओले असताना खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्याव्यात. गुळगुळीत फरशी आणि चकाकणाऱ्या टाइल्स येथे वर्ज्य समजाव्यात, मग त्या कितीही स्वस्तात मिळोत. प्रत्येक पायरी पुढच्या कडेकडे तीन-चार मिलिमीटर उतरती ठेवावी आणि कडेवर वेगळ्या रंगाची पट्टी द्यावी.

कठड्याचा दांडा पायरीच्या कडेपासून ९०० मिलिमीटर उंचीवर, दोन्ही बाजूंना, मुठीत मावेल एवढा म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा असावा. तो टप्प्यांवर तोडू नये आणि शेवटच्या पायरीपुढे ३०० मिलिमीटर न्यावा, कारण अंधारात पायऱ्या संपल्याचे हातालाच आधी कळते. दिवे डोक्यावर लावण्यापेक्षा गुडघ्याच्या उंचीवर लावावेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्याच्या पट्ट्यात फुरसे पायरीच्या खाचेत दबून बसते आणि वरून पडणाऱ्या उजेडात चालणाऱ्याची स्वतःची सावली नेमकी त्याच पायरीवर येते. याच कारणासाठी वाटेलगतच्या गडग्याच्या फटी चुन्याने किंवा सिमेंटने भरून घ्याव्यात.

झड

पावसाचा मध्यम आकाराचा, दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब वारा नसताना सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. तेवढाच वारा, म्हणजे ताशी २३-२४ किलोमीटरचा, आडवा लागला की तो थेंब ४५ अंशांत तिरका होतो. घाटमाथ्यावर जुलैमध्ये एवढा वारा ही रोजची गोष्ट आहे. ४५ अंशांच्या पावसात अडीच मीटर उंचीवर कड असलेले छपर, तेवढ्याच रुंदीच्या वाटेवर, जवळपास काहीच झाकत नाही.

यासाठी एक सोपा हिशोब लक्षात ठेवावा. वाऱ्याच्या बाजूला छपराच्या कडेची उंची उणे आडोशाची उंची जेवढी येईल, तेवढे तरी छपर आडोशाच्या बाहेर आले पाहिजे. कड २.१ मीटरवर आणि आडोसा १.२ मीटर उंच असेल, तर छपर ९०० मिलिमीटर बाहेर काढावे. कड एवढी खाली आली तरी छपराला २० अंशांचा उतार असल्यास आडोशाच्या रेषेत डोक्यावर २.४ मीटर उंची मिळते आणि कोणाचे डोके लागत नाही. ही सर्व मापे पायरीच्या पातळीपासून घ्यायची आहेत. चढत्या वाटेवर कड आणि आडोसाही पायऱ्यांबरोबर चढले पाहिजेत.

आडोसा भरीव असण्याची गरज नाही. लाकडी किंवा पत्र्याच्या तिरक्या झडपा पाणी अडवतात, वारा सोडतात आणि त्यामुळे खांबांवरचा ताण कमी होतो. कोकणात पावसाळ्यापूर्वी पडवीला माडाच्या झापांच्या ताट्या बांधत आणि दसऱ्यानंतर सोडत. आजही लहान वाटेसाठी बांबूच्या चौकटीत बसवलेल्या, काढता-घालता येणाऱ्या ताट्या वापरायला हरकत नाही. उन्हाळ्यात त्या काढल्या की खालची दरी दिसते आणि वाट कोंदट वाटत नाही. डोंगराच्या बाजूला सहसा भिंत असतेच, तेव्हा तिथे वेगळा आडोसा लागत नाही. इटलीतील बोलोन्या शहरातून सान लुका टेकडीवर चढणाऱ्या, सुमारे ३.८ किलोमीटर लांबीच्या ६६६ कमानींच्या वाटेलाही एका बाजूने भिंत आणि दुसरीकडून मोकळ्या कमानी आहेत, मात्र तिथला पाऊस आपल्या मानाने फारच सभ्य आहे.

छप्पर

उतार कोणत्या बाजूला द्यावा, हा वादाचा विषय असतो. छपराचे पाणी डोंगराकडील गटारात सोडले तर एकाच गटारात काम भागते, म्हणून बरेच जण दरीकडची कड उंच ठेवतात. पश्चिम उतारावर ही चूक ठरते, कारण झड दरीकडूनच येते आणि उंच कड तिला तोंड उघडून आत घेते. तिथे दरीकडची कड खाली ठेवून तिला पन्हाळ लावावी आणि दर दहा मीटरवर नळीने पाणी वाटेखालून गटाराच्या पुढच्या भागात किंवा स्वतंत्र ओहोळात न्यावे. पन्हाळ नसेल तर पागोळ्या एकाच रेषेत पडून दोन-तीन पावसाळ्यांत जांभ्यातही बोटभर खोल चर पाडतात आणि खांबांच्या बुडाची माती उघडी करतात. पूर्व उतारावर मात्र डोंगराकडे पाणी नेणेच सोयीचे असते.

चढावर छप्पर सलग तिरके न्यावे किंवा तुकड्या-तुकड्यांनी पायरीसारखे चढवावे. दुसरी पद्धत दिसायला चांगली असते आणि सुताराला सोपी जाते. पण दोन तुकड्यांच्या मधल्या उभ्या फटीतून झड आत येते, म्हणून वरचा तुकडा खालच्यावर त्या फटीच्या उंचीइतका तरी पुढे आणावा. मंगळुरी कौले आवाज करत नाहीत आणि उन्हाळ्यात थंड राहतात, परंतु त्यांना तीसेक अंशांचा उतार लागतो, आणि माथेरान-महाबळेश्वरला माकडांच्या उड्यांखाली ती वरचेवर सरकतात. तिथे खाली पत्रा आणि वर कौल अशी दुहेरी रचना परवडत असेल तर करावी. पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे सलग वापरू नयेत. ते काही वर्षांत पिवळे पडतात. मधूनमधून एखादा घातला तर दिवसा दिवा लागत नाही, एवढाच त्यांचा उपयोग.

वाऱ्याचा हिशोब वजनाच्या हिशोबापेक्षा महत्त्वाचा आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो होतो, तर पत्र्याचे स्वतःचे वजन जेमतेम पाच किलो असते. शिवाय टेकडीच्या माथ्याजवळ वारा वेग घेतो, म्हणून त्याच मानकात वेगाला १.३६ पर्यंतचा गुणक आहे. दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो जवळपास पावणेदोन ते दुप्पट होतो. म्हणजे येथे पाया हा छप्पर पेलण्यासाठी नसून ते धरून ठेवण्यासाठी असतो. तीन मीटरवर खांबांची जोडी आणि तीन मीटर रुंद छप्पर असेल, तर उचलणारा जोर ढोबळमानाने प्रत्येक खांबाला ४०० किलो येतो आणि तेवढ्यासाठीच साडेपाचशे मिलिमीटर लांबी-रुंदी-खोलीचा काँक्रीटचा ठोकळा लागतो. माथ्यावरचा गुणक धरला तर त्याहून बराच मोठा. अंतिम आकार स्थापत्य अभियंत्याने ठरवावा. खांब भरावावर उभे करू नयेत, मूळ मुरुमापर्यंत खाली जावे, आणि लोखंडी खांबाचे बूड जमिनीपासून किमान ३०० मिलिमीटर उंच काँक्रीटच्या उंचवट्यावर बसवावे, नाहीतर तो मातीच्या रेषेतच गंजतो.

कामाचा क्रम

शक्य असेल तर काम दोन उन्हाळ्यांत करावे. पहिल्या वर्षी चर, गटार, भिंत, पायऱ्या, कठडा आणि खांबांचे पाये पूर्ण करावेत आणि एक पावसाळा वाट उघडीच वापरू द्यावी. त्या चार महिन्यांत कोणीतरी भर पावसात तेलरंगाचा डबा घेऊन फिरावे आणि जिथे पाणी पायरीवर चढते, जिथे झड सर्वांत जास्त लागते, जिथे लोक वाट सोडून बाजूने उतरतात, तिथे खुणा कराव्यात. संस्थाचालकांना हा उशीर पटवणे कठीण जाते. मला तो तीनदा पटवावा लागला आणि दोनदा पटला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या खुणांप्रमाणे दुरुस्त्या करून मगच आडोसा आणि छप्पर चढवावे.

त्यानंतर दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी पन्हाळी आणि गाळाचे खड्डे उपसावेत, पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वॉशर तपासून तडकलेले बदलावेत आणि पायऱ्यांवरचे शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढावे. शेवाळाची घासणी गणपतीच्या आधी आणखी एकदा करावी लागते, कारण तोपर्यंत सावलीतल्या पायऱ्या पुन्हा हिरव्या झालेल्या असतात.